द सिम्स ४ मध्ये भुताखेतांचं घराणं: सुरुवात कुठून करावी, विकत काय घ्यावं

'द सिम्स ४' मध्ये भूत, व्हॅम्पायर, जादूगार असलेलं एखादं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं मनात असेल, तर माझं मत आधीच सांगून टाकते. एक रुपयाही खर्च न करता सुरुवात करा, आणि ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मरणानं करा. शक्ती, मंत्र, सुळे दात हे सगळं नंतर. ज्या घरात कुणाला कुणाचं काही देणंघेणं नाही, तिथं व्हॅम्पायर आणून सोडला तरी तो नुसता येरझाऱ्या घालतो आणि आपलं मन चार दिवसांत उडतं.

मी कोल्हापुरात एका हायस्कुलात इतिहास शिकवते. वंशावळी हा माझ्या जिवाभावाचा विषय. घराणी कशी टिकतात, कुठं तुटतात, दत्तक कोण येतं, वाटणीत काय हातचं जातं, हे वाचायचा मला कधी कंटाळा आला नाही. पेपर तपासून झाले, रात्रीची आवराआवर झाली की लॅपटॉप उघडून मी हा गेम खेळते ते याच ओढीनं. माझी भाची सई अकरावीत आहे. सुट्टीत तिला गेम लावून दिला, तर तिचं पहिलंच वाक्य, "आत्या, मी थेट व्हॅम्पायरच करतो बघ." मी म्हटलं, "कर की. पण त्याची आई कोण, बाप कोण, पहाटे तो कुणाच्या घरात परत येणार, तेवढं आधी ठरव." तिला समजावताना जे बोलले तेच इथं सविस्तर लिहिते.

ज्यांनी गेम पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅक्सिसनं बनवलेला आणि ईएनं काढलेला हा गेम सप्टेंबर २०१४ चा. १८ ऑक्टोबर २०२२ पासून मूळ गेम फुकट आहे. माणसं घडवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, त्यांची भूक, झोप, नोकरी, लग्न, भांडणं सांभाळायची. एका घरात जास्तीत जास्त आठ जण. माणसं वयानं वाढतात आणि म्हातारी होऊन मरतात. बोलतात ती सिमलिश नावाच्या बनावट भाषेत, म्हणून माझ्या कानाला तरी माझ्या घरातली माणसं ठसठशीत कोल्हापुरीच बोलतात. भुताखेतांचे बहुतेक प्रकार मात्र वेगळ्या पॅकमध्ये, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या भागांमध्ये येतात आणि ते पॅक विकत घ्यावे लागतात. अपवाद भुताचा. भूत फुकटच्या गेममध्येच आहे.

म्हणूनच मी भुतापासून सुरुवात करा म्हणते, पण नुसतं फुकट आहे म्हणून नव्हे. आमच्या आज्जीच्या गोष्टींतलं भूत कधीच परकं नसायचं. मुंजा म्हणजे मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला पोरगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलेलं, आणि जे राहिलं ते घरातल्याच कुणाशी बांधलेलं. पिंपळाखालून जाताना आज्जी आम्हाला गप्प करायची, पण घरी आल्यावर तो मुंजा कुणाचा कोण होता हे अगदी नात्यागोत्यासकट सांगायची. गेममधलं भूतही तसंच घरातलं असतं. माणूस मेला की मृत्युदूत येतो, मागे थडगं किंवा कलश राहतो, आणि मग कधीतरी रात्री तेच माणूस त्यातून उठून घरात वावरायला लागतं. त्याचा स्वभाव आणि नाती तीच राहतात. कसं मेलं त्यावर भुताचा रंग ठरतो.

करायचं असं. तीन पिढ्यांचं साधं घर घ्या: आजी, मुलगा, सून, एखादं शाळकरी पोर. आजीला मरू द्या, म्हातारपणानंच. पण त्याआधी आजीचं आणि नातवंडाचं नातं भरपूर वाढवून ठेवा आणि सुनेशी थोडं बिघडवून ठेवा. या दोन गोष्टींवर पुढची सगळी कथा उभी राहते. माझ्या घरात माई वाडकर अशीच गेली. तिचं थडगं मी परसात ठेवलं. काही रात्रींनी माई उठली, आणि पहिलं काय केलं असेल तर सुनेच्या स्वयंपाकघरातलं सिंक झपाटून टाकलं. भुतं वस्तू झपाटतात हे गेममध्ये आहेच, पण तिनं नेमकं सिंक निवडलं हे बघून मी एकटीच हसत सुटले. नातू मात्र झोपेतून उठून तिच्याशी गप्पा मारत बसला.

त्या गप्पांनाच पुढं फळ येतं. भुताशी मैत्री पक्की झाली की त्याला पुन्हा घरात राहायला बोलवता येतं आणि मग ते आपल्या हातात येतं, घरातल्या इतर माणसांसारखं खेळवता येतं. त्याला परत जिवंतही करता येतं, अँब्रोझिया नावाचा पदार्थ खाऊ घालून. पण हा पदार्थ सहजासहजी होत नाही. घरातल्या कुणीतरी गोर्मे कुकिंग, म्हणजे उंची स्वयंपाकाचं कौशल्य, दहाव्या पातळीपर्यंत नेलं पाहिजे, आणि साहित्य म्हणून डेथ फ्लॉवर, एंजलफिश आणि तारुण्याचं औषध लागतं. फूल कलम करून उगवायचं, मासा गळानं धरायचा, औषध मिळवायचं. मी हे काम सुनेकडं दिलं. जिच्याशी पटलं नाही त्याच सासूला परत आणण्यासाठी बाई वर्षानुवर्षं रांधत राहिली. गेमनं ही गोष्ट लिहून दिलेली नाही, पण तिला लागणारं सगळं सामान त्यानं फुकट हातात दिलं आहे. या गेमवर माझा एवढा जीव का, याचं कारण हेच.

इथं दोन सूचना. थडग्यावर टिचकी मारली की आत्म्याला कायमचं मुक्त करायचा पर्याय येतो. तो निवडला की ते माणूस गेलं, त्यामुळं घाईत काही दाबू नका. आणि घर बदलताना थडगं कुणाच्या तरी सामानात घालून सोबत न्या.

आता व्हॅम्पायर. २४ जानेवारी २०१७ ला आलेला हा पॅक जुना आहे, तरी घराण्याच्या कथेसाठी आजही मला फार वरचा वाटतो. सोबत फरगॉटन हॉलो नावाचं छोटं गाव मिळतं. तिथं रात्र इतर गावांपेक्षा लांबते, आणि व्लादिस्लॉस स्ट्रॉड नावाचा जुना व्हॅम्पायर रात्रीबेरात्री लोकांच्या घरात शिरून रक्त पितो. दाराशी लसणाच्या माळा लावल्या तर त्याला अटकाव करता येतो. त्याच गावात केलेब आणि लिलिथ व्हटोर हे भाऊबहीण राहतात. केलेब जरा सौम्य आहे, नवख्यांनी ओळख वाढवायची तर त्याच्याशी वाढवावी.

व्हॅम्पायरला भुकेच्या जागी तहान असते, आणि तो तरुणपणी आला की वय वाढायचं थांबतं. घराण्याच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. मुलं, नातवंडं, पतवंडं त्याच्यासमोर म्हातारी होणार आणि तो तसाच राहणार. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये आयुर्मान 'नॉर्मल' ठेवा. 'लाँग' ठेवलं तर पिढी बदलायला फार वेळ लागतो आणि जे बघायसाठी व्हॅम्पायर केला ते दिसतच नाही.

शक्ती वाढत जातात तशा दुबळेपणाच्या बाजूही निवडाव्या लागतात. नवशिके नेहमी शक्तीच्या यादीवर नजर लावून बसतात. मी सईला सांगितलं, दुबळ्या बाजू आधी वाच, कथा तिथं आहे. एका दुबळेपणात माणसांचं अन्न पोटात ठरत नाही. दुसऱ्यात कुणाचं रक्त प्यायलं की नंतर मन खात राहतं. मी आमच्या दादासाहेब वाडकरांना पहिला दिला. माझ्या वाडकरांकडं रविवारी मटण असायचंच (गेममध्ये ते साधं स्ट्यू असतं, पण मनातल्या मनात मी तांबडा-पांढरा वाढते). सगळे टेबलाभोवती बसलेले, आणि घरातलं सगळ्यांत मोठं माणूस समोर ताट नसताना शेवटच्या घासापर्यंत बसून राहायचं. उठून जायची सोय होती, पण मी त्यांना उठवलं नाही.

या पॅकची खरी ताकद मला घर बांधताना कळली. आमचं माहेरचं घर शिवाजी पेठेत होतं, जुन्या पद्धतीचं: पुढं सोपा, मध्ये उघडा चौक, पलीकडं माजघर आणि स्वयंपाकघर, मागे परसू. वाटण्या झाल्या आणि त्या जागी आता फ्लॅट उभे आहेत. ते घर मी गेममध्ये आठवेल तसं बांधलं. चौक उघडा म्हणजे उघडा, वर छप्पर नाही. गेमच्या लेखी छप्पर नसलेली जागा म्हणजे बाहेरची जागा. दादासाहेबांची शवपेटी सोप्याखालच्या तळघरात, आणि लहान नात माजघरातल्या पाळण्यात. भर दुपारी घरात दुसरं कुणी नाही आणि पोर रडायला लागली. दादासाहेब तळघरातून वर आले, सोप्याच्या कडेपर्यंत आले. पुढं दहा पावलांचा चौक आणि त्यात लख्ख ऊन. मी त्यांना पाठवलं. चौकात पाऊल पडताच अंगातून धूर निघायला लागला, ऊर्जा झरझर उतरली, तरी पलीकडं पोचले. पोरीला उचललं, दूध दिलं, खांद्यावर घेऊन माजघरातच फेऱ्या मारत राहिले, कारण संध्याकाळपर्यंत परत चौक ओलांडायची सोय नव्हती. सून ऑफिसमधून आली तेव्हा सासरा माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पोरीला घेऊन बसलेला. उन्हात फार वेळ राहिला तर व्हॅम्पायर मरतो, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या दहा पावलांचं मोल कळेल.

म्हणून उन्हाचा त्रास कमी करणारी शक्ती लवकर घेऊ नका. आणि घर बांधताना त्यात अशी एक तरी जागा ठेवा जी ओलांडताना कुणाला तरी झळ बसेल.

रक्ताच्या बाबतीत पॅकनं बरीच मोकळीक दिली आहे. परवानगी विचारून पिता येतं, जबरदस्तीनं पिता येतं, किंवा रक्ताऐवजी चालणारी प्लाझ्मा फळं लावून आणि मासे-बेडकांपासून प्लाझ्माच्या पिशव्या बनवून कुणालाही न चावता राहता येतं. 'गुड व्हॅम्पायर' आणि 'व्हॅम्पायर फॅमिली' अशी आयुष्याची ध्येयंही दिली आहेत. नव्या माणसानं दुसरं घ्यावं. जन्मानं व्हॅम्पायर असलेलं पोर किशोरवयात येईपर्यंत साध्या पोरांसारखंच वाढतं, शाळेत जातं, खेळतं. आईबापांपैकी एकच व्हॅम्पायर असेल तर पोर कुठल्या बाजूला जाईल सांगता येत नाही. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांपैकी एक म्हातारा होणार आणि दुसरा नाही, असं घडू शकतं. आयुर्मानाची वाटणी करायची वेळ आली तर कुणाच्या पदरात काय पडेल, याचा एवढा थेट विचार करायला लावणारी दुसरी जागा मला गेममध्ये सापडलेली नाही.

जादूगारांचा पॅक, 'रेल्म ऑफ मॅजिक', १० सप्टेंबर २०१९ चा. ग्लिमरब्रुक गावातून एका दारातून जादूच्या दुनियेत जाता येतं. तिथं तीन गुरू भेटतात, एक व्यवहारी जादूचा, एक खोडकर जादूचा, एक मोकाट जादूचा. साध्या माणसानं गुरूला विनंती केली की तो हवेत तरंगणारे सात चमकते कण गोळा करून आणायला सांगतो, आणले की दीक्षा मिळते. मंत्र जास्त वापरले की अंगात जादूचा भार साठतो, आणि तो हाताबाहेर गेला तर शाप लागतो किंवा जीवही जातो. मोडकी वस्तू दुरुस्त करण्यापासून मेलेल्याला उठवण्यापर्यंत मंत्र आहेत. इथं पॅक थोडा सैल पडतो असं माझं मत आहे. सगळीच कामं मंत्रानं होऊ लागली की घरात कुणाची कुणाला गरज उरत नाही. नळ गळतोय म्हणून नवऱ्याला हाक मारायची नाही, पोरांनी खोली घाण केली म्हणून ओरडायचं नाही. म्हणून आमच्या घरात मी नेम घातला: घरकामाला मंत्र चालणार नाही.

पण या पॅकमध्ये एक गोष्ट फार मोलाची आहे, ती म्हणजे वारसा. जन्मानं जादूगार असलेल्या मुलात जादूचं रक्त उतरतं, आणि पिढ्यांगणिक त्याची ताकद वाढत जाते: दुबळं, मग बळकट, मग प्राचीन. रक्त जितकं जुनं, तितकी जादू लवकर येते. ही रचना बघितल्याबरोबर माझ्या मनात आला तो दत्तकाचा प्रश्न. आपण कोल्हापूरकरांनी तो का विचारू नये? करवीरच्या गादीवर १८८४ साली दत्तक आले ते कागलच्या घाटग्यांच्या घरातले यशवंतराव, म्हणजे आपले राजर्षी शाहू महाराज. रक्तानं नव्हे, दत्तविधानानं आलेल्या माणसानं या गावाला काय दिलं ते इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं.

तेव्हा मी माझ्या जादूगार घराण्यात, जिथं प्राचीन रक्ताचा एक मुलगा आधीच होता, एक मुलगी दत्तक घेतली. साधी, जादूचा लवलेश नसलेली. मुलाला आयतं मिळालं होतं ते तिनं मोठी झाल्यावर स्वतः ग्लिमरब्रुकला जाऊन, सात कण गोळा करून मिळवलं. मुलगा एका बैठकीत शिकायचा ते शिकायला तिला कितीतरी वेळ लागायचा. वारस कोण हे गेम ठरवत नाही, आपण ठरवायचं. मी तिला वारस केलं. भावाचं काय झालं ते इथं सांगत नाही, कारण तुम्ही हाच डाव मांडला तर तुमच्या घरात वेगळंच घडेल. सईनं तर मुलीला दीक्षा घेऊच दिली नाही, घरातली एकटी साधी बाई म्हणून तीच सगळ्यांना सांभाळते.

लांडगामाणसांचा 'वेअरवुल्व्ह्ज' पॅक १६ जून २०२२ चा, गाव मूनवुड मिल. त्यात रागाचं एक मापक असतं. ते भरत गेलं की माणसाचा ताबा सुटतो आणि लांडगा बाहेर येतो, सामानाची नासधूस होते. पौर्णिमेला विशेष. चंद्राच्या कला त्याच सुमारास मूळ गेममध्ये सगळ्यांना फुकट मिळाल्या, हे चांगलं केलं. गावात दोन टोळ्या आहेत, त्यातली एक शिस्तीची, दुसरी बंडखोर. भावाभावांना वेगवेगळ्या टोळीत घातलं की घरात बारमाही धुमसत राहतं. ज्यांना तापट बाप आणि त्याच्यापासून मुलांना जपणारी आई अशी कथा हवी त्यांनी हा पॅक घ्यावा. तो रागाचा विषय हलक्यात घेत नाही, राग उतरवायच्या वाटाही देतो. माझ्या स्वभावाला तो फारसा मानवला नाही, मला संथ चालणारी घरं आवडतात.

जलपऱ्या 'आयलंड लिव्हिंग' मध्ये आणि परग्रहवासी 'गेट टू वर्क' मध्ये येतात. दोन्ही पॅक इतर कारणांसाठी चांगले आहेत, पण भुताखेतांच्या घराण्यासाठी म्हणून मुद्दाम घेऊ नयेत, घराण्याला पुरेल इतकं त्यात नाही. 'पॅरानॉर्मल स्टफ' छोटा पॅक आहे, झपाटलेल्या घरात राहून रात्री काढायच्या, बोनहिल्डा नावाचा सांगाडा मोलकरणीचं काम करतो. एकट्या राहणाऱ्या पात्रासाठी गमतीचा, घराण्यासाठी कामाचा नाही.

आणि आता 'लाइफ अँड डेथ'. ३१ ऑक्टोबर २०२४ ला आलेला हा मोठा पॅक, गाव रेव्हनवुड. एकच पॅक विकत घ्यायचा असेल तर सईला मी हाच सुचवला, व्हॅम्पायरच्याही आधी. कारण जी कथा मी फुकटच्या गेममध्ये हातानं जुळवत होते, तिला यानं पाया दिला. माणूस जिवंतपणीच मनात काय करायचं ते ठरवतं, आणि मेल्यावर भूत झालं की राहिलेली कामं पुढं चालू राहतात. कुणाशी समेट राहिला, काय बघायचं राहिलं. आज्जीचा मुंजा मला इथं भेटला म्हणा ना. ती कामं पुरी झाली की त्याच माणसाला पुनर्जन्मही घेता येतो. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. नवख्या भुतापासून मुरलेल्या भुतापर्यंत शिकायची पातळी आहे. मृत्युदूताची नोकरीसुद्धा करता येते, पण घराण्याच्या कथेत ती मी अजून आणलेली नाही.

त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे मृत्युपत्र. म्हाताऱ्यानं मृत्युपत्र करायचं, घरात पिढीजात चालत आलेली वस्तू कुणाला द्यायची ते लिहायचं, आणि तो गेल्यावर ते वाचलं जातं. अंत्यविधी ठरवता येतो. त्याला कोण आलं, कोण रडलं, कोण रागावलं, हे बघता येतं. दुःखही सगळ्यांचं सारखं नसतं, एकजण चिडतो, दुसरा झालंच नाही असं धरून बसतो. मी माईचं मृत्युपत्र केलं तेव्हा तिच्या पेटीतली वस्तू सुनेच्या नावे लिहिली, नातवाच्या नाही. का लिहिली ते मला स्वतःला लिहिल्यावर उमगलं.

ज्यांना घरातल्या नात्यांचा पोत आणखी दाट हवा त्यांनी पुढंमागं 'ग्रोइंग टुगेदर' (मार्च २०२३) बघावा. त्यात भुतंखेतं नाहीत, पण आई-मुलीचं नातं कडक आहे की मोकळं आहे हे ठरवता येतं, आणि घरातलं भूत अशा घरात जास्त खरं वाटतं. तान्ही बाळं मात्र त्याच महिन्यात मूळ गेममध्ये फुकट आली, त्यासाठी पॅक घ्यायची गरज नाही.

आता न पटलेल्या गोष्टी. एक, संकर नाही. व्हॅम्पायर आई आणि जादूगार बाप असेल तर पोर दोन्ही होत नाही. घराण्याची गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये दोन घरांची लग्नं लागतात आणि पोटी येणाऱ्या पोराला एकच बाजू निवडावी लागते, हे मला खटकतं. लोक मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल, घालून मार्ग काढतात, पण नव्या माणसानं पहिल्याच महिन्यात मॉडच्या नादी लागू नये, अपडेट आला की ती बिघडतात. दोन, पॅकांच्या किमती. सगळे मिळून घेतले तर चांगल्या मोबाइलच्या पुढं हिशेब जातो, आणि एकेक पॅक सुटा बघितला तर त्यातलं किती वापरणार हा प्रश्न उरतोच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सेल लागतो, तोवर थांबा. पुऱ्या किमतीला घेण्यासारखी घाई यातल्या कशालाच नाही. तीन, मराठी नाही, हिंदीही नाही. मंत्रांची, शक्तींची वर्णनं इंग्रजीत वाचावी लागतात. आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांना गोष्टी सुचतात माझ्याहून सरस, पण दुबळ्या बाजूंची ती बारीक अक्षरं वाचताना ती अडतात. एवढ्या वर्षांत एवढ्या पॅकांवर काम झालं, मजकुराचं भाषांतर आपल्याही भाषांत व्हायला हवं होतं, हे मी मनापासून म्हणते.

लॅपटॉप फार भारी लागत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर चित्रांची सेटिंग मध्यम ठेवून माझं काम चालतं. पॅक वाढले की गेम उघडायला वेळ घेतो. मृत्यू, लग्न, दीक्षा अशा प्रसंगाच्या आधी वेगळ्या नावानं सेव्ह करून ठेवा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

सईच्या घरात सध्या तिचा पणजोबा भूत होऊन बसला आहे आणि काही केल्या पुनर्जन्माला तयार होत नाही, कारण त्याची राहिलेली कामं ती मुद्दाम पुरी करू देत नाही. "आत्या, हा गेला की घर रिकामं होतंय," म्हणते. परवा तिनं विचारलं, व्हॅम्पायर आता घेऊ का. मी म्हटलं, पणजोबाच्या पोरांपैकी कुणाला तो व्हॅम्पायर चावणार हे नाव घेऊन सांगितलंस तर पुढच्या सेलला मी घेऊन देते. तिनं नाव सांगितलं आहे, घरातल्या सगळ्यांत धाकट्या काकाचं, ज्याचं मृत्युपत्रात काहीच नव्हतं.